लमारसाहेबांच्या घरचा उपास

राजापूरची आनंदी कुवेतला आली ती आखाती लढाई संपल्याच्या दुसऱ्या वर्षी, रुमैथिया भागात लमारसाहेबांकडे स्वयंपाकाला. साहेब अमेरिकेचे, धर्माने मॉर्मन. शुऐबा बंदरावरच्या कारखान्यात पगाराची नोकरी आणि शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आपल्या मूठभर मंडळींचं बिनपगारी पुढारपण. दारू तर सोडाच, या घरात चहासुद्धा वर्ज्य. आनंदी आपला कप शेजारच्या हफिजाकडे पिऊन यायची आणि वेलची चघळत परत शिरायची.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरात उपास, असं साहेबांच्या बायकोने, नोराबाईंनी, तिला सांगून ठेवलं होतं. उपास म्हटल्यावर आनंदी गप्प बसते होय? तूप-जिऱ्याची फोडणी घालून तिने सकाळीच पातेलंभर साबुदाण्याची खिचडी केली. प्रार्थनेला निघताना नोराबाई बघतात तर त्यांचा बारा वर्षांचा ब्रेंट दुसरी वाटी चाटूनपुसून संपवतोय.

"अगं, आमच्या उपासाला पाणीसुद्धा चालत नाही."

"मग त्याला उपास कशाला म्हणता, शिक्षा म्हणा की."

साहेब हसले. तेव्हापासून संध्याकाळी घरचा उपास सुटायचा तो खिचडीवर.

अठ्ठ्याण्णव साली ब्रेंटने बापाला सांगितलं, की माझं मन मुलींकडे ओढ घेत नाही, मुलांकडे घेतं. त्यांच्या धर्मातले वडीलधारे तेव्हा म्हणत, हे पाप आहे, निश्चय केला तर सुटतं. साहेबांनी त्यांचं ऐकलं. "सुधारलास की ये," म्हणून पोराला अमेरिकेला मामाकडे धाडलं. खिचडी बंद झाली. उपास टोमॅटोच्या सूपवर सुटू लागला.

"सहा वर्षं माझ्या हातचं जेवलाय," आनंदी हफिजाला म्हणाली. "पोरात खोट असती तर मला नसती कळली?"

"हळू बोल, बाई. या मुलुखात असलं भिंतीलाही सांगू नये."

आनंदीने भिंतीला सांगितलं नाही. फळीवर साबुदाण्याचा पुडा मात्र ठेवला. त्याला कीड लागली की नवा आणायची. नोराबाई बघायच्या आणि पुडा तिथेच राहू द्यायच्या. अशी नऊ वर्षं गेली.

मग एकदा साहेबांच्या थोर मंडळींकडून एक पुस्तिका आली. चार दिवस ती जेवणाच्या टेबलावर पडून होती. नोराबाईंनी आनंदीला समजावलं, "मन तसं असणं हे पाप नाही, असं म्हणतात आता. तसं वागलं तर मात्र पापच. आणि आईबापांनी पोराला तोडू नये, म्हणतात."

"म्हणजे अर्धंच सरकले."

"अर्धंच."

"असू दे. म्हाताऱ्या माणसांना अर्धं सरकायलाही कष्ट पडतात हो. त्यांचं भलं होवो."

त्या गुरुवारी संध्याकाळी साहेब स्वतः स्वयंपाकघरात आले. फळीवरचा पुडा त्यांनी खाली काढला.

"हे किती वेळ भिजवायचे?"

"रात्रभर. किती जणांचे?"

"चौघांचे. तूही आमच्याबरोबर बसायचं. त्याचं विमान उद्या चारला उतरतंय." साहेबांनी पुडा तिच्या हातात दिला. "आनंदी, तो होता तसाच आहे."

"खिचडीही आहे तशीच आहे, साहेब."

दुसऱ्या दिवशी ब्रेंट आला. सत्तावीस वर्षांचा, कपाळावरचे केस मागे हटलेले. टेबलाशी साहेबांनी नेहमीची प्रार्थना सुरू केली, पण दुसऱ्याच शब्दाला डोळे उघडून ते ब्रेंटकडे वळले. "तू सांग," ते मुलाला म्हणाले.

ब्रेंटने देवाचे आभार मानले, बापाचे मानले, मग आनंदीमावशीचे. सगळ्यांनी डोळे मिटले होते. आनंदीने मात्र मिटले नाहीत. पोराच्या वाटीत शेंगदाणे कमी पडले होते, ते ती घालत होती.