दोनदा छापलेली ओवी

जळकोटला जायचं ठरलं ते निव्वळ माझ्या हौसेपायी. फावल्या वेळात मी छापील पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवते. तिथल्या महानंदाअक्कांना जन्मापासून दिसत नाही. यंदा श्रावणी सोमवारी गावच्या महादेवाची पोथी देवळात त्या वाचणार होत्या, तीही मी केलेली! मग आपलं कौतुक आपल्याच कानांनी ऐकायला नको का?

सोलापूर स्टँडवरून उमरग्याची एसटी धरा, नळदुर्ग मागं पडलं की जळकोट. बायकांना अर्धं तिकीट. माझं काम लांबल्यानं पोथी त्याच दिवशी न्यावी लागली. मूळची बोटभर जाडीची, ब्रेलमध्ये उशीएवढी झालेली. ठिपके दबू नयेत म्हणून ती मांडीवर घेतली. कंडक्टरनं उघडून पाहिली आणि एवढे कोरे कागद कुठं निघाले, असं विचारलं.

अक्कांनी उपासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. पोटभर खा, देवळात लई वेळ लागतो, म्हणाल्या. गावात काहीजण म्हणत होते, ती कसली वाचते, पाठ केलेलं म्हणंल. आज त्यांना दाखवायचं होतं.

देवळात सगळे छापील पोथ्या उघडून बसले. अक्कांचं बोट झरझर चाललं. छापील पोथीत एक ओवी चुकून दोनदा छापली आहे. दुसरी मी गाळली होती, शहाणी ना मी! पण गाव ती दुसऱ्यांदा उभं राहून म्हणतं, हे मला काय ठाऊक? अख्खं देऊळ उभं राहिलं आणि अक्का पुढच्या ओवीवर.

"बघा, पाठ केलेलं इसरली," एक आप्पा म्हणाले.

मी उठले आणि ती ओवी मी गाळली, असं सगळ्यांदेखत सांगितलं. वाचन पुढं सुरू झालं.

नंतर अक्कांना विचारलं, लहानपणापासून ऐकलंय, तर तुम्ही ती ओवी दोनदा का नाही म्हटली?

"ठावं हाय की. पण आज म्या म्हणत न्हवते, वाचत होते." मग हसून म्हणाल्या, "डोळसांना पोथी चुकांसकट, आन् आमाला निवडून? तांदूळ हाय व्हय?"

परतीच्या एसटीत लाज वाटत राहिली. चुका काढून टाकणं म्हणजे उपकार, असं मी इतकी वर्षं समजत होते. घरी येऊन ते पान पुन्हा केलं, ओवी दोनदा घातली, आणि पाठवून दिलं.

पुढच्या सोमवारी अक्कांचा फोन आला. सगळ्यांबरोबर उभं राहून वाचलं म्हणाल्या. आप्पा शेजारी बसून आपल्या पोथीशी ओळ न् ओळ ताडून बघत होते म्हणे.

"ताई, सातव्या पानावर एक चूक घावली. आप्पांच्या पोथीत ती न्हाई. तुमची का?"

माझीच होती.