पिल्लांच्या करंड्या

दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती, पण सोलापुरात नळाला पाणी अजून दिवसाआडच येत होतं. मी तेव्हा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बुकिंग क्लार्क होतो. लग्न नुकतंच झालेलं. रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं राहत होतो. चादरींचे गठ्ठे, विड्यांची खोकी, फळांच्या करंड्या असा माल दिवसभर हाताखालून जायचा. आणि दर मंगळवारी मुंबईच्या मेलनं कुत्र्याची पिल्लं जायची.

ती पाठवणारा माणूस चाळिशीचा, सफारी घालणारा, बोलायला गोड. नवी पेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं. "मुंबईत फ्लॅटवाल्यांना हीच पाहिजेत, साहेब. पांढरीशुभ्र, केसाळ," असं तो कौतुकानं सांगायचा. पामेरियन हा शब्द मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. सुरुवातीला मलाही गंमत वाटायची. करंडीच्या फटीतून एखादं ओलं नाक बाहेर यायचं, मी बोट लावायचो, ते चाटायचं.

पुढं करंड्या वाढत गेल्या आणि पिल्लं लहान होत गेली. एकदा मेलचा एक गार्ड मला म्हणाला, "तुमच्या त्या करंड्या मुंबईत उतरवताना नाकाला रुमाल लावावा लागतो हो. अर्धी मेलेली असतात." मी पाठवणाऱ्या त्या माणसाला विचारलं. तो हसला.

"नुकसान माझं होतंय ना, साहेब? रेल्वेचं काय जातं?"

आमच्या पार्सल सुपरवायझरांचंही तेच म्हणणं. "पाठवणारा तक्रार करत नाही, घेणारा करत नाही. तुम्ही पावती फाडा आणि मोकळे व्हा."

मी पावत्या फाडत राहिलो. मग मे महिन्यातला एक मंगळवार आला. फलाटाच्या पत्र्याखाली उभं राहिलं तरी डोकं तापत होतं. हातगाडीवरून चार करंड्या आल्या. तोंडं गोणपाटानं शिवलेली. मी वजन करायला पहिली उचलली, तर आतून कसलाच आवाज नाही. मी सुतळी कापली. डोळे नुकते उघडलेली पिल्लं एकमेकांवर पडली होती. तोंडं उघडी, पोटं भराभर हलत होती. एक हलत नव्हतं. त्याच्या अंगावर दुसरं निजलं होतं.

"मी ही घेणार नाही," मी म्हणालो. आजारी जनावर पार्सलनं स्वीकारायचं नाही, एवढा नियम मला पाठ होता.

तो माणूस वळला. सरळ सुपरवायझरांकडे गेला. तेवढ्यात मेल फलाटाला लागली. सुपरवायझर बाहेर आले आणि हमालांना म्हणाले, "चढवा रे. कागद मागनं करू." हातगाडी गार्डच्या डब्याकडे, ब्रेकव्हॅनकडे निघाली, तसा मी जाऊन तिच्यापुढं उभा राहिलो.

"बाजूला व्हा," सुपरवायझर हळू आवाजात म्हणाले. "नोकरी नवीन आहे तुमची. घरी बायको आहे."

अंगात शौर्य आलं होतं असं नाही. माणसं इतकी जमली होती, की आता बाजूला कसं व्हायचं तेच मला सुचत नव्हतं. हमाल कधी माझ्याकडं, कधी साहेबांकडं बघत होते. त्या माणसानं स्वतःच हातगाडीच्या दांडीला हात घातला आणि गाडी पुढं रेटली. कडा माझ्या मांडीत घुसली. मी हललो नाही. गार्डनं दारातून वाकून पाहिलं आणि ओरडला, "कागदाशिवाय मी काही घेत नाही!" शिट्टी झाली. ब्रेकव्हॅन आमच्यासमोरून सरकत गेली.

फलाट रिकामा झाल्यावर त्या माणसानं सफारीची बाही सारखी केली.

"ठीक आहे. आता ही तुमची. मेली तर कुणामुळं मेली, ते मी वर कळवतो." आणि तो निघून गेला.

करंड्या मी घरी नेल्या. सुपरवायझरांनी अडवलं नाही, त्यांनाही त्या ऑफिसात नकोच होत्या. माझी बायको मंद्रूपची, शेतकऱ्याघरची, शेळ्या-गाईंत वाढलेली. तिनं पदर खोचला. करंड्या न्हाणीतल्या गार फरशीवर उलट्या केल्या, मेलेली वेगळी काढली, कापसाचा बोळा दुधात भिजवून एकेकाच्या तोंडाला लावला. दूध ओठांवरून खाली गळायचं. तासभर ती बसली. मग उठली.

"ह्यांना वाटीतलं दूध चालायचं न्हाय. आई पायजे. कुटं हायत आया?"

"त्याच्या शेडवर असतील."

"मग तितं जायाचं."

"अगं, तो माणूस—"

"अहो, तुमी टांगा बगा."

बुकिंगवर शेडचा पत्ता दर मंगळवारी लिहीत होतो, त्यामुळं तो मला ठाऊक होता. विणकरांच्या वस्तीमागं बंद पडलेल्या मागांची एक पत्र्याची शेड. शेजारच्या घराच्या पायरीवर मांडीवर सूप घेऊन एक तेलुगू बाई विड्या वळत होती. करंड्या पाहून तिचे हात थांबले.

"अक्का, आत जाऊ नका. माणूस चांगला नाही तो," ती म्हणाली. "आतली कुत्री आधी रात्रंदिवस ओरडायची. झोप नव्हती आम्हाला. आता ओरडत पण नाहीत."

दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. ती काढली तसा वास अंगावर आला. बायकोनं पदर नाकाला लावला आणि आत शिरली. मी तिच्या मागं. लाकडी खोकी एकावर एक रचलेली, तोंडाला जाळ्या लावलेल्या. प्रत्येकात एक कुत्री. पांढरा रंग कुठं दिसतच नव्हता. केस पिवळे होऊन गोळ्यांनी चिकटलेले, नखं वाढून आत वळलेली. खोक्यात त्या उभ्या राहू शकत नव्हत्या. काहींची पोटं परत तट्ट फुगलेली, काहींच्या सडांना जखमा. पाण्याची भांडी कोरडी होती. आम्ही आत आलो तरी एकही भुंकली नाही.

बायकोनं एका खोक्याची जाळी वर केली आणि एक पिल्लू आत ठेवलं. कुत्रीनं ते हुंगलं, तोंड फिरवलं. दुसरीनंही तसंच केलं. तिसरीनं मात्र हुंगल्याबरोबर कूस बदलली आणि अंग ताणून पडली. ते पिल्लू चाचपडत तिच्या पोटाशी गेलं. बायको एकेक पिल्लू तिच्याजवळ ठेवत होती, तोच बाहेर स्कूटर थांबली.

"घरफोडी करता काय?" तो दारात उभा होता. आता त्याच्या आवाजात गोडवा नव्हता. "पोलिसांना बोलावीन."

"बोलवा की," बायको न वळताच म्हणाली. "आदी पाणी आणा. मग भांडू."

"बाई, हा धंदा आहे. तुम्हाला काय कळतंय?"

तेव्हा ती वळली. "आमच्याकडं शेळीला बी एका वेतामागं इसावा देत्यात. ही कितव्यांदा व्याली, सांगा की मला. ही? आन् ती कोपऱ्यातली?"

तो मागं सरकला, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

"बसा मग आत. पोलीस येईपर्यंत."

स्कूटर गेल्याचा आवाज आला. मी दार हलवलं, खांद्यानं धडका दिल्या, हाका मारल्या. पत्रा इतका तापला होता की हात ठेववत नव्हता. थोड्या वेळानं घाम यायचाही थांबला. बायको खोक्यांना टेकून बसली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती बोलत नव्हती. मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. मी हिला इथं आणलं, असं सारखं मनात येत होतं, आणि शेजारी त्या सगळ्या कुत्र्या जीभ बाहेर काढून गप्प पडल्या होत्या.

कडी वाजली. दार उघडलं. विड्या वळणारी बाई उभी होती, कमरेवर घागर. तिनं आधी बायकोच्या ओंजळीत पाणी ओतलं, मग खोक्यांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि एक कोरडं भांडं भरलं. मग दुसरं. घागर रिकामी झाल्यावर ती बाहेर जाऊन गल्लीत मोठ्यानं ओरडली. बायका आल्या. कुणी तांब्या, कुणी कळशी, कुणी हंडा. पुढचा सबंध दिवस नळ येणार नव्हता, हे त्या सगळ्यांना माहीत होतं.

तो हवालदाराला घेऊन परतला, तेव्हा दारात पंधरा-वीस बायका होत्या. कुणी वाट सोडेना. हवालदार कसाबसा आत गेला आणि लगेच रुमाल लावून बाहेर आला.

"चोरी कुणी केली म्हणालात?" त्यानं त्या माणसाला विचारलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर आले. काही कुत्र्यांना त्यांनी सुई देऊन कायमचं सोडवलं. बाकीच्या कुत्र्या गल्लीतल्या लोकांनी घरोघर नेल्या. करंड्यांतली पिल्लं बहुतेक गेली, त्या तिसऱ्या कुत्रीपाशी होती त्यांतली दोन तेवढी जगली. खटला झाला, दंडही झाला, पण इतका किरकोळ की निकाल ऐकून तो माणूस माझ्याकडं बघून हसला. शेड मात्र त्याला परत उघडता आली नाही. खोकी घेऊन टेम्पो आला की गल्लीतल्या बायका सूप बाजूला ठेवून रस्त्यात बसायच्या. पुढं त्यानं दुसऱ्या गावी तेच सुरू केल्याचं कानावर आलं. खरंखोटं मला कधी कळलं नाही.

माझी वेतनवाढ थांबली आणि चार महिन्यांत एका आडबाजूच्या स्टेशनवर बदली झाली. ती तिसरी कुत्री आम्ही बरोबर नेली. सुरुवातीला ती उघड्या दाराशी येऊन थांबायची, उंबरा ओलांडायची नाही. बायको अंगणात भाकरी घेऊन बसायची, हाक मारायची नाही, नुसती बसायची. थंडी संपता संपता कुत्री एकदाची बाहेर आली. केस परत आले, पांढरीशुभ्र दिसायला लागली.

मग शेजारच्या क्वार्टरमधली माणसं थांबून बघायची. स्टेशनमास्तरांच्या पत्नीनं एकदा विचारलं, "किती गोड आहे हो! पुढच्या खेपेला एखादं पिल्लू आम्हाला द्याल?"

बायको कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"न्हाय ताई," ती म्हणाली. "हिचं लई झालं. आता हिला बसू द्या."