चित्ररथाचं स्टिअरिंग

"आईच्या हातात यंदा रिमोट द्यायचा नाही. विषय संपला."

"तुमचा संपला असेल, पप्पा. आजीचा कुठे संपलाय?"

"तिचा हात थरथरतो, सपना. सगळ्या सोसायटीने बघितलं."

"गेल्या वर्षीपण थरथरत होताच. तेव्हा काय मोडलं?"

"तेव्हा वर थर्माकोलचा स्तूप होता. यंदा प्लायवूडचा आहे. वजन बघ त्याचं."

"मग प्लायवूड ज्याने लावलं त्याच्याकडून घ्या ना रिमोट काढून. कोणी लावलं बरं?"

शिवदासने स्क्रूड्रायव्हर उचलला. ट्रक त्याच्यासमोर जुन्या पेपरवर उताणा पडला होता, चारी चाकं वर करून. आतल्या खोलीत पंखा चालू होता आणि पंख्याखाली त्याची आई सोनूबाई जाग्या होत्या, हे बापलेक दोघांनाही ठाऊक होतं.

चारकोपच्या त्यांच्या सोसायटीत जयंतीची मिरवणूक निघते ती या ट्रकच्या मागून. ढोल मागे, निळे झेंडे मागे, आणि सगळ्यांच्या पुढे हा हातभर लांबीचा, रिमोटवर चालणारा ट्रक. त्याच्यावर पांढरा स्तूप, झेंडूची माळ, लाइटिंग. गेटपासून पिंपळापर्यंतचा पहिला फेरा सोसायटीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने चालवायचा, असं कधीतरी ठरलं आणि ठरलं ते राहिलं. आधी समोरच्या पद्मजाबाई चालवायच्या. त्या गेल्यापासून सोनूबाई.

यंदाच्या सरावाला ट्रक गेटजवळच्या गटाराच्या झाकणाला धडकला. कर्र करून आवाज आला आणि पुढची चाकं मान टाकल्यासारखी दोन दिशांना लोंबली. सगळ्यांच्या नजरा एकदमच सोनूबाईंच्या हाताकडे गेल्या. त्यांनी रिमोट शिवदासकडे दिला आणि जिना चढून वर आल्या. त्यानंतर त्या खाली उतरल्याच नव्हत्या. कमिटीच्या प्रितमने सुचवलंही होतं, की काका, यंदा आपण चालवू, आजींना खुर्ची देऊ छान पुढे. शिवदास त्याला हो म्हणून आला होता. भांडण त्यावरून.

शिवदासचं उभं आयुष्य बसच्या स्टिअरिंगमागे गेलं. गाडी ताब्यात घेतली की तो आधी स्टिअरिंग बोटाने डावीउजवीकडे हलवून बघायचा. चाक न वळता ते जराही हललं, की हा खाली उतरून डेपोच्या मेकॅनिककडे. स्टिअरिंगला खेळ आहे, गाडी नेणार नाही. मेकॅनिक लोक त्याला लांबून येताना बघूनच म्हणायचे, आला रे आला, खेळ घेऊन आला. मग एका वर्षी डोळ्यांच्या तपासणीत तो अनफिट निघाला आणि त्याला डेपोत टेबलावर बसवलं. त्याच सुमारास सपनाला नोकरी लागली होती. पहिल्या पगारातून तिने बापाला हा ट्रक आणून दिला. तो बालिश आहे म्हणाला, आणि आठवडाभरात त्याचा नटन्‌नट ओळखू लागला.

"बरं, धरा इथे," सपना म्हणाली. भांडण न मिटवताच दोघं कामाला लागले. या घरात कामं अशीच व्हायची.

पुढची चाकं वळवते ती एक काडेपेटीएवढी मोटर. तिला सर्वो म्हणतात. सपनाने नवा मागवला होता, आत धातूची दातेरी चाकं असलेला, जुन्याच्या दुप्पट ताकदीचा. जुना काढून शिवदासने चार स्क्रू सोडवले आणि झाकण उघडलं. आतली चाकं प्लास्टिकची. त्यातल्या एकाचे तीन दाते एकाच जागी साफ उडाले होते. बाकीचे जसेच्या तसे, नवेकोरे.

तो ते चाक चष्म्याजवळ धरून बघत राहिला. थरथरीने दाते झिजले असते तर इथेतिथे झिजले असते. हे झिजणं नव्हतं. हा एकच घाव होता, थेट आत पोचलेला.

"पप्पा, व्हिडिओत या आर्मवर, चाकं वळवणाऱ्या दांडीवर, स्प्रिंगची वाटी दिसतेय," सपना मोबाइल पुढे करत म्हणाली. "चाकाला धक्का बसला की ती दबते, म्हणजे मोटरला लागत नाही. आपल्याकडे नुसता कडक आर्म आहे. कंपनीने दिलीच नव्हती का?"

शिवदास उठला. टीव्हीमागच्या बिस्किटांच्या डब्यात त्याने हात घातला आणि स्प्रिंगची वाटी काढून तिच्या तळहातावर ठेवली. दिवाळीच्या साफसफाईत त्यानेच ती काढली होती. बोटाने चाक हलवलं तर ते जरासं दबत होतं. खेळ होता स्टिअरिंगला.

सपना वाटीकडे बघत राहिली, मग बापाकडे. तो पुन्हा पेपरवर बसला होता आणि स्क्रू उगाचच एका ओळीत मांडत होता. तिने नव्या सर्वोची पिशवी फाडली.

पुढचं काम मुकाट्याने झालं. नव्या सर्वोला आधी करंट देऊन मध्यावर आणलं, मग स्प्रिंगसकट आर्म बसवला, नाहीतर ट्रक एका बाजूलाच जास्त वळला असता. स्क्रू सैल होऊ नये म्हणून सपनाने त्याच्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडला.

तेवढ्यात सोनूबाई भिंतीला धरून दारात आल्या. "झाला का नीट?"

कोणी बोलायच्या आत त्यांनी वेताच्या मोढ्यावरचा रिमोट उचलला. पिस्तुलासारखा तो रिमोट, बाजूला फिरवायचं चाक. बोटं चाकावर ठेवली मात्र, शिवदासच्या मांडीवरच्या ट्रकची पुढची चाकं थरथरू लागली. जुनी मोटर आळशी होती, थरथर तिच्यापर्यंत पोचायचीच नाही. ही नवी मोटर हाताचं सगळं ऐकत होती.

सोनूबाईंनी बोटं काढून घेतली. "त्या प्रितमलाच दे बाबा. मीच मोडला तो."

सपनाने रिमोटवरची बारीक कळ फिरवली. वळण किती घ्यायचं ते तिथे कमीजास्त होतं. "आता फिरव, आजी." आता चाकं जेमतेम शहारत होती.

शिवदासला वाटलं, एवढ्यावर भागेल. मिरवणूक निघेल, आई चालवेल, कोणाला कळणारही नाही. पण आई अजून चाकाकडे न बघता आपल्या हाताकडेच बघत होती, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

"आई, तू नाही मोडलास," तो म्हणाला. "धक्का खाणारी स्प्रिंग असते त्याच्यात. ती मी काढून टाकली होती. मला तो खेळ वाटला."

सोनूबाई मोढ्यावर टेकल्या.

"तुला बसवरून उतरिवलं तवा दोन दिस जेवला न्हाईस तू," त्या म्हणाल्या. "तुझे तर डोळेच गेले व्हते, शिवा. माझं काय गेलं व्हतं?"

सपना नेलपॉलिशची बाटली घट्ट बंद करत बसली.

"प्रितमला आत्ता सांगून येतो," शिवदास म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो, काय झालं ते. मग चालवशील ना? आई? रागावलीस का?"

सोनूबाई उठल्या. रिमोट त्यांनी पदराखाली घेतला, दाराशी चपला पायाने चाचपल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या. ट्रक शिवदासच्या मांडीवरच होता. चपलांचा आवाज खाली खाली गेला, थांबला, आणि त्याच्या हातात ट्रकची पुढची चाकं डावीकडे वळली, उजवीकडे वळली, मग सरळ झाली.