चादर पांघरलेली चिंगी

मी एकही शब्द न बोलता एकदा आमची आख्खी गल्ली रडवली आहे.

खरं तर न बोलणं हाच माझा स्वभाव. पिठाच्या गिरणीत मी पहिली जाते आणि शेवटची परत येते, कारण "आता माझा नंबर" हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघेपर्यंत चार बायकांचं दळण होऊन गेलेलं असतं!

आमच्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचा जीव चिंगीत, म्हणजे त्यांच्या शेळीत. त्या दिवशी आत्या पहाटेच्या एसटीनं अक्कलकोटला दर्शनाला निघाल्या. गल्लीत कुणाला पत्ता नाही. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "कले, चिंगीला जप. तिला काय झालं तर माझ्याशी गाठ हाय."

मी मान हलवली. आणि निवडलेल्या ज्वारीचं घमेलं अंगणात विसरून आंघोळीला गेले.

येऊन बघते तर घमेलं रिकामं आणि चिंगी भरलेली! पोट टम्म फुगलेलं, डोळे वर, पाय ताणलेले. आमचे हे रात्रपाळी करून नुकतेच आडवे झाले होते. त्यांना हलवलं.

"काय हाय?"

मी अंगणाकडे बोट केलं. ते बघून आले आणि माझ्याआधी तेच घाबरले. "आई मला घरात घ्यायची न्हाय! चल, दवाखान्यात."

रिक्षा मिळेना. मग मोटारसायकल काढली. पुढे हे, मधे चिंगी (पुढचे दोन पाय यांच्या खांद्यावर), मागे मी तिला कवळ घालून. थंडी कडाक्याची, ती कापत होती, म्हणून यांच्या चादरीच्या कारखान्यातून आणलेली विणीत चुकलेली चादर तिच्या अंगावरून घेतली. गाड्यांना बुजायला नको म्हणून डोक्यावरूनही घेतली. मागून बघाल तर कुणीही म्हणेल, वयस्कर बाई मुलाच्या खांद्याला धरून बसली आहे.

आणि म्हणालीच! एमआयडीसीच्या कोपऱ्यावर पाळी सुटलेल्यांच्या सायकलींत आम्ही अडकलो, तिथं शेजारच्या गंगव्वामावशी दुधाची पिशवी घेऊन उभ्या.

"अय्यो! म्हातारीला काय झालं गं?" असं म्हणून त्यांनी चादरीवर हात ठेवला. "लई कापायलीय की! पोट तर बघ, केवढं फुगलंय!"

मी तोंड उघडलं. "न्हाय ओ मावशी, ह्या..." तेवढ्यात वाट मोकळी झाली आणि गाडी सुटली. म्हटलं, जाऊ दे, परत आल्यावर सांगू. (माझ्या आयुष्यातली सगळी कामं या एका वाक्यानं बिघडली आहेत.)

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंय हिनं?"

"ज्वारी," मी म्हणाले.

"काय?"

"ज्वारी."

"अहो बाई, मोठ्यानं बोला. शेळी तुमच्यापेक्षा मोठ्यानं बोलतेय!"

मग तेल पाजणं सुरू झालं. यांनी दोन्ही हातांनी चिंगीचा जबडा धरला होता, आणि नेमका तेव्हाच यांचा फोन वाजला. "उचल की!" हे ओरडले. मी उचलला. माळशिरसहून नणंदबाई, सुरेखावन्सं! गंगव्वामावशींनी बातमी तिकडंपर्यंत पोचवली होती.

"वयनी, आई कशी हाय? खरं सांग! बोलतीया का?"

मी श्वास घेतला, शब्द जुळवले, आणि बोलणार तोच माझ्या कानाशी चिंगीनं हंबरडा फोडला, "म्यॅऽऽऽ!"

"अगं आई गं! आवाजच बदलला की तिचा! निघाले मी!" फोन बंद.

"काय म्हणत होती सुरेखा?" यांनी विचारलं.

"काही न्हाय," मी म्हणाले. "येतीया."

दुपारी चिंगीनं एक दणदणीत ढेकर दिला, डॉक्टर हसले आणि म्हणाले, "न्या घरी. हिला काही होत नाही."

आम्ही खुशीत गल्लीत शिरलो आणि दारातच थांबलो. अंगण बायकांनी भरलेलं. ओट्यावर झाकलेल्या ताटांची रांग, कुणाची भाकरी, कुणाचं पिठलं. उंबऱ्यात सुरेखावन्सं रडत बसलेल्या. सकाळी आजारी असलेली म्हातारी गल्लीनं दुपारपर्यंत मारून टाकली होती. आणि बायकांच्या मधोमध तोंडावर पदर घेऊन एकजण सगळ्यांत मोठ्यानं रडत होती.

त्या आमच्या आत्या होत्या!

दर्शन लवकर झालं म्हणून त्या आल्या, तर चिंगीचं दावं रिकामं आणि घरात रडारड. त्या काय समजायचं ते समजल्या आणि तिथंच बसकण मारून त्यांनी गळा काढला. कोण रडतंय हे पदराखाली बघणार कोण? गंगव्वामावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"नका रडू बाई. लई गुणाची म्हातारी होती."

"म्हातारी कुटली?" पदरातून हुंदका आला. "दोनदाच तर व्याली होती!"

गंगव्वामावशींचा हात हवेतच थांबला.

आता बोलायलाच हवं होतं. मी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले, "आत्या! रडू नका! चिंगी बरी हाय!"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. आत्यांनी पदर काढला. त्यांचं तोंड बघून गंगव्वामावशी "शिवा शिवा!" म्हणत तुळशीमागे पळाल्या. सुरेखावन्सं "आई!" म्हणून अशा झेपावल्या की पिठल्याचं एक ताट गेलं. आणि इकडे चादर घसरून चिंगीचं तोंड बाहेर आलं, तिनं सगळ्यांना बघितलं आणि चादरीचा काठ चघळायला घेतला.

मग जी हसाहशी झाली, ती पिठलं-भाकरी संपेपर्यंत! आत्या चिंगीला कुरवाळत मला म्हणाल्या, "एवढा आवाज हाय तुझा, मग सकाळी कुटं ठेवला हुतास?"

मी मान हलवली.

मागच्या आठवड्यात आत्यांचा गुडघा धरला. थंडी होती, म्हणून तीच चादर गुंडाळून त्यांना गाडीवर मधे बसवलं. कोपऱ्यावर गंगव्वामावशी भेटल्या. या वेळी त्या फसणार नव्हत्या! हसत पुढे आल्या, पिशवीतली मेथीची जुडी काढून त्यांनी थेट चादरीत घातली आणि म्हणाल्या, "खा गं चिंगे, खा!"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात गाडी सुटली.

म्हटलं, जाऊ दे. परत आल्यावर सांगू.