सॉफ्टवेअरनं पकडलेल्या सहा जणी

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

कामथडीजवळच्या आमच्या पॅकिंग युनिटचं ड्युटीचं वेळापत्रक यंदा मी डेटा अॅनालिसिसच्या सॉफ्टवेअरवर बनवलं. जुनी हजेरी टाकली, तर मार्गासनी गावच्या सहा बायका दरवर्षी जुलैत एकदमच गैरहजर. मला वाटलं, ठरवून दांड्या मारतात. सहाही जणींना वेगवेगळ्या पाळ्यांत टाकलं आणि साहेबांना तसा रिपोर्ट दिला.

आज साहेबांनी बोलावल्यामुळं सहाही जणी माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. साहेब म्हणाले, "कारण सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

त्यांच्यातल्या शांताकाकू पुढं आल्या.

"साहेब, भातलावणीला आमची सावड असती. आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या, समद्या मिळून लावतो. एक जरी हितं अडकली, तरी बाकीच्यांची लावणी रखडती."

मग कुणाचं खाचर कोणत्या दिवशी, हे त्यांनी तोंडपाठ सांगितलं. माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "ह्ये बी ड्युटीचं वेळापत्रकच हाय. तुमी कधी इचारलं न्हाई."

साहेबांनी रिपोर्ट माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "यांच्या लावणीचे दिवस धरून पाळ्या पुन्हा लावा."

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही आधी त्यांना विचारलं असतं?