साबणावरचं बदक

अक्काचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक मोठी खिडकी आणि भिंतीला टेकवून ठेवलेले कागदांचे नमुने. दातांच्या डॉक्टरांपासून दोर विकणाऱ्यांपर्यंत सगळे तिच्याकडे यायचे. कुणाला बोधचिन्ह हवं असायचं, कुणाला दुकानाची पाटी, कुणाला छापील खोकी. आपल्याला नेमकं काय हवंय हे गिऱ्हाइकाला कळायच्या आधी अक्काला कळायचं, आणि काम ठरल्या दिवशी हातात पडायचं. धंद्यात तिच्या शब्दाला वजन होतं.

पण एक गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपायची. दुकानादुकानांत दिसणारं साबणावरचं पांढरं बदक. निळ्या कागदावर चार रेघांत काढलेलं. ते तिच्या मावसबहिणीचं, चिमीचं काम. दोघी एकाच वर्गात चित्रकला शिकल्या. अक्का जिवाचं रान करायची, चिमी खिडकीबाहेर बघत बसायची आणि कौतुक चिमीचं व्हायचं. शिक्षण संपल्या संपल्या तिनं ते बदक काढून दिलं आणि मग सगळं सोडून खुशाल पोहायला शिकवायला लागली. तरीही घरी कुणी आलं की मावशी न्हाणीघरातून साबणाची नवी वडी आणून दाखवायची. अक्काचा विषय निघायचा तो त्यानंतर, "ही पण तेच करते" एवढ्यापुरता.

म्हणून साबण कारखान्याची नवी मालकीण जिना चढून आली आणि म्हणाली, वेष्टन जुनाट वाटतंय, बदक ठेवा पण नव्यानं काढा, तेव्हा अक्काला आतून गुदगुल्या झाल्या. चेहरा मात्र तिनं गंभीर ठेवला.

काम हातात घेतलं आणि गुदगुल्या थांबल्या. काढावं ते बदक लाकडाचं वाटायचं. जुन्या बदकाची मान एका रेघेत वळली होती, ती रेघ काही केल्या तिच्या हाताला येईना. शेवटी एक जमलं. सुबक, नीटनेटकं, कुठे नाव ठेवायला जागा नाही. मालकिणीनं पसंत केलं. छपाईला देण्याआधी अक्का प्रूफ घेऊन चिमीकडे गेली. तुझंच होतं ना, म्हणून दाखवायला आले, असं सांगायचं तिनं ठरवलं होतं. खरं तर तिला चिमीचं तोंड उतरलेलं बघायचं होतं.

चिमी तलावाच्या काठावर गळ्यात शिट्टी अडकवून उभी होती. तिनं टॉवेलला हात पुसले, कागद घेतला आणि हसली.

"अगं, ते बदक अजून चालू होतं?"

अक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. जे तिनं इतकी वर्षं उराशी धरून ठेवलं होतं, ते चिमीच्या गावीही नव्हतं. चिमीनं बदकाच्या डोळ्यावर अंगठा ठेवून पाहिलं.

"डोळा काढून टाक, अक्का. ते आपल्याकडे बघतंय. त्याला त्याचं त्याचं पोहू दे."

एवढं बोलून ती शिट्टी वाजवत मुलांकडे गेलीसुद्धा.

डोळा राहणार, असं अक्कानं रस्त्यातच ठरवलं. ऑफिसात आल्यावर, चिमीचं म्हणणं किती चुकीचं आहे हे पाहायला, तिनं तो फक्त एकदा पुसला. बदक पोहायला लागलं. तिनं डोळा परत काढला, परत पुसला. छापखान्यात गेलं ते बिनडोळ्याचंच.

नवा साबण चांगला खपला. मालकिणीनं आणखी चार गिऱ्हाइकं पाठवली. आणि मावशीकडे सगळे जमले असताना मावशीनं नवी वडी आणून पाहुण्यांसमोर धरली. "हे आमच्या अक्कानं केलंय." या वाक्यासाठी अक्का किती वर्षं कान टवकारून बसली होती. चिमी शेजारीच पेरू खात होती. माझ्यापेक्षा झकास झालंय, असं तिनं मनापासून सांगितलं.

अक्काला राहवेना. ती हळूच म्हणाली, "डोळा तू पुसून टाकायला सांगितलास."

"मी? कधी?"

तिला खरंच आठवत नव्हतं. तिनं श्रेय मागितलं असतं, तर अक्कानं भांडून तरी घेतलं असतं. हे विसरणं तिला जास्त लागलं.

त्यानंतर काम अडलं की अक्का काहीतरी निमित्त काढून तलावावर जायला लागली. चिमी कागद उलटासुलटा करून एखादं वाक्य बोलायची. ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि अक्काचा उरलेला दिवस जळफळण्यात जायचा.

एकदा कुलपांच्या दुकानाच्या पाटीबद्दल चिमीचा सल्ला साफ फसला. दुकानदारानं नाक मुरडलं आणि काम दुसऱ्याकडे दिलं. त्या संध्याकाळी अक्का गाणं गुणगुणत घरात शिरली. नवऱ्यानं विचारलं, काय गं, मोठं काम मिळालं वाटतं?

"नाही रे," चपला काढत ती म्हणाली, "एक गेलं."