दात नसलेल्याला माती

"आऽऽ" करून तोंड उघडायचे, रिकाम्या हिरड्या दाखवायचे आणि म्हणायचे, "पाह्य बरं सूनबाई, आहे का एखादा?" हे आमचे शेजारी, सौसर गावातल्या लाकडाच्या टालाचे, म्हणजे वखारीचे, मालक. मी त्यांना मामाजी म्हणायची. ऐंशी सालानंतरची गोष्ट.

दात न आलेलं लेकरू गेलं तर आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, हे तुम्हाला माहीतच असेल. मामाजींनी त्यातून स्वतःसाठी वाट काढली होती. "माहे सारे पडले. म्हंजे मी बी लेकरूच. मले वावरात पुरा अन् वरतं संत्र्याचं कलम लावा." सगळे हसत. मीही हसायची.

एकदा मात्र ते स्वतःच हसले नाहीत. टालावर आंब्याचं अख्खं खोड आलं होतं, सरणासाठी. त्यावर हात ठेवून म्हणाले, "जलमभर मेलेल्यायसाठी झाडं फोडली. माह्यासाठी एक बी नको."

पोरगा बापावर जीव लावणारा. त्याने नागपूरहून कवळी करून आणली. मामाजी ती वाटीतच ठेवत. "हे लावली का माहा हक्क गेला."

मग त्यांचं अर्धं अंग गेलं, जीभ जड झाली. रस्त्याकडच्या खोलीत खाट, आणि खाटेवरून उठणं नाही. येता-जाता मी खिडकीतून विचारायची, "काय करून राहिले, मामाजी?" एक दिवस त्यांनी गजातून माझं मनगटच धरलं.

"पोराले... गंमत वाटते. तू सांगजो."

"सांगीन," मी म्हटलं. तरी मनगट लवकर सुटलं नाही.

ते गेले त्या सकाळी ओसरी माणसांनी भरलेली, सासूबाई माझ्या बाजूलाच. चेहरा चांगला दिसावा म्हणून पोराने बापाच्या तोंडात कवळी बसवली. टालावरून सरणाची लाकडं भरून बैलगाडी निघाली. मी पदर दातात धरून उभी. आता बोलते, आता बोलते, म्हणता म्हणता तिरडी उचलली. आणि आमच्याकडे बाया मोक्षधामावर जात नाहीत.

तेरवी झाल्यावर मी पोराला सगळं सांगितलं.

"वहिनी, मले गंमतच वाटे. तवा एक शब्द बोलल्या असत्या, तं अख्ख्या सौसरसंग भांडलो असतो मी."

टालावर कोणाच्या तरी घरची माणसं लाकडासाठी खोळंबली होती. तो किल्ली घेऊन निघाला.